हात काढल्यावर

दुपारी माझं पोट असं काही दुखायला लागलं की मी सोफ्यावर मुटकुळं करून पडले. म्हटलं, "दादा, मला दवाखान्यात ने." दादा माझा सख्खा भाऊ, पण अक्कल सावत्र. छाती फुगवून म्हणाला, "घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला?"

घरातली डॉक्टर म्हणजे त्याची लेक. मेडिकलचं दुसरं वर्ष, कॉलेजात पहिली. जिवंत पेशंटला तिनं अजून बोटही लावलं नव्हतं. त्यांचे प्राचार्य म्हणतात, आधी पाया पक्का करायचा, माणसं नंतर. तोवर जाडजूड पुस्तकं आणि टेबलावरचं प्रेत.

भाचीनं कातडीपासून अपेंडिक्सपर्यंत कुठले थर लागतात ते घडाघडा म्हणून दाखवलं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते कळांचं.

"अगं बये, कुठे दुखतंय ते तरी विचार!"

"आत्या, ते तिसऱ्या वर्षाला आहे. आणि तू बोलू नकोस ना. आमच्याकडे कुणी बोलत नाही."

शेवटी तिनं पोटावर उजवीकडे खाली हात दाबला. हात कसला, बर्फाची लादी! मी श्वास घेतला, पोट वर आलं, आणि ही बया "अगंबाई, गरम आहे! हलतंय!" म्हणत हात झटकन काढून मोकळी. मी अशी किंचाळले की शेजारीपाजारी खिडकीत आले.

भाची पांढरीफटक पडली. "आत्या, दाबल्यावर जास्त दुखलं की हात काढल्यावर?"

"काढल्यावर गं मेले!"

"बाबा, गाडी काढा. पुस्तकात एक ओळ होती याच्यावर, हात काढल्यावर जास्त दुखलं तर अपेंडिक्स. बाकी मला काही येत नाही, खरंच सांगते. गाडी काढा!"

"अगं, पण तू तर पहिली..."

"बाबा!"

तिच्याच कॉलेजच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. दुसऱ्या दिवशी प्राचार्य स्वतः माझ्या खाटेपाशी आले आणि भाचीवर डाफरले, "दुसऱ्या वर्षात पेशंटला हात लावलास? परवानगी कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. "चुकलंच साहेब. पुढच्या वेळी आधी मरते, मग तिला बोलावते."

ते तरातरा निघून गेले. भाची टाके बघायला वाकली, मग थांबली आणि तळहात एकमेकांवर चोळत बसली.

"हे कितव्या वर्षाला असतं गं?" मी विचारलं.

"कुठल्याच नाही." तिनं ऊन ऊन हात अलगद पोटावर ठेवला. "दुखलं तर सांग हं, आत्या. बोलत राहा."