मिटल्या दाराआडची आग

पौषातली सकाळ. जालन्याच्या माळावर धुक्याची धूसर धाबळी, करडईच्या काट्याकाट्यावर दवाचे दाणे, आणि त्या शुभ्र शांततेतून वर उठलेलं पोलादाच्या गिरणीचं एकाकी, उन्नत धुराडं.

धुराड्याच्या पायाशी भट्टी. ताम्रवर्णा, तप्तोदरा, नित्यजागृत भट्टी. तिच्या कुशीत पोलादाचे चौकोनी दांडे तापत, लाल होत, केशरी होत. मग फिरत्या रुळांखाली चेपून सळया होत आणि सळसळत धावत.

रामकिसन तिचा राखणदार. उभा जन्म त्याने निळ्या काचेतून ज्वाळा वाचल्या. ही जास्वंदी, अजून कच्ची. ही झेंडूची, आता काढा. ही पांढरीफटक; गेलं, जळालं! ज्वाळा वाचता वाचता डोळेच पुसत गेले. उजवा विझला. डाव्यात आगीचा काळा डाग सांजभर नाचत राही. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, आणखी एक हिवाळा आगीकडे पाहाल, तर हाही जाईल.

म्हणून तर नवी यंत्रणा आली तेव्हा त्याच्या बायकोने, कौसाबाईने, देवापुढे साखर ठेवली. भट्टीच्या भिंतीत आता ताप जोखणाऱ्या नळ्या होत्या. ताप उतरला की यंत्र आपणहून गॅस वाढवी, चढला की हात आखडी. कुणी डोळे जाळायला नकोत.

पण पोलाद जळूनच निघू लागलं. कडा वितळलेल्या, अंगावर काळ्या खपल्या. मालक वैतागले. "आज जमलं तर जमलं. नाहीतर उद्यापासून रामकिसन आणि त्याची काच!"

यंत्रणा बसवणारी रुजुता पडद्यावरची रेघ निरखत होती. रेघ मधेच खचे, मग उसळे. ती हळूच म्हणाली, "काका, खरं सांगा. दार उघडून डोकावता ना?"

"एखाद्या वक्ताला," तो पुटपुटला. "लेकरू निजलं तरी माय पाळण्यात बघतेच की."

"तुम्ही दार उघडता अन् गार वारा आत शिरतो. यंत्राला वाटतं, भट्टी गारठली. ते भडाभडा गॅस सोडतं."

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या कौसाबाईला त्याने फाटकाशी ही गोष्ट सांगितली. ती पदराआड हसली. "विरजण लावल्यावर मी जरा झाकण काढलं, की केवढं वरडता माझ्यावर! अन् सोता काय करता? माझा आज उपास हाय. तुमीबी धरा. डोळ्याचा."

ती तिथेच लिंबाखाली टेकली, ओठांत नाम घोळवत.

आणि रामकिसन भट्टीकडे पाठ करून बसला.

पाठीवर ऊब. आत आग गुणगुणत होती, बोलावत होती. जन्माची सोबतीण ती, हाकेवर हाक घालत होती. हात दोनदा दाराकडे गेला. दोनदा त्याने तो मांडीखाली दाबला. न पाहता विश्वासायचं, हे केवढं कठीण! देवाच्या बाबतीत तरी माणसाला कुठे सहज जमतं?

"निघालं!" रुजुताचा आवाज चिरकला. "काका, निघालं!"

लांबूनच, ओझरतं, त्याने पाहिलं. दांड्यामागून दांडा, झेंडूच्या वर्णाचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा, नितळ, निष्कलंक. मालकांनी मान डोलावली. रामकिसनने निळी काच खिशातून काढली, सदऱ्याने पुसली आणि रुजुताच्या टेबलावर ठेवली.

"ऱ्हाऊ दे इथंच. कागद उडतेत तुझे."

सांजेला तो फाटकाबाहेर आला. कौसाबाई उठून उभी राहिली. तो पापण्या मिटून थांबला. काळा डाग नाचेल म्हणून थांबला. मग हलकेच पापणी उघडली.

"अगं, ते बघ... करकोचे!"

जांभळ्या, निवत्या आभाळात दूरदेशीच्या पाखरांची लांबच लांब माळ चालली होती. पंख वेगळे, मान वेगळी, एकेक पाखरू वेगळं दिसत होतं. आणि ती धूसर, रुपेरी, संथ ओळ त्याच्या एका डोळ्यातून अलगद, अलगद पार होत गेली.