सुरमईचा भाव

“आठशे दिरहम. एका दिरहमाचे सव्वातीन. म्हणजे सव्वीसशे रुपये!” वनमालाने पाकिटाच्या पाठीवरचा गुणाकार नवऱ्यापुढे धरला. “तुमका येवढो पगार उभ्या जन्मात गावलो? सही करूंदे तेका.”

“बँकेच्या दरान गुणान चलाचा नाय गो,” दशरथ चपला काढत म्हणाला.

बाळा, त्यांचा मुलगा, धाकट्या सुगंधाचा भाऊ, दुबईत इलेक्ट्रिशियन होता. आणखी दोन वर्षांचा करार करू का, असं त्याने मागच्या पत्रात विचारलं होतं. दशरथ सरकारी खात्यात भाव नोंदणारा कारकून. वीस वर्षं मालाडच्या बाजारात वहीत भाव टिपून त्याचे पाय झिजले होते. यंदा खात्यात देशोदेशीच्या किमतींची पाहणी आली. साहेब म्हणाले, पैशाला पैसा लावू नका, त्या पैशात तिथे काय येतं ते बघा. सरकारी नोकरीत ऐकलेली ही पहिलीच शहाणपणाची गोष्ट. दशरथने तसाच एक तक्ता बाळाला धाडला होता. तो आज भरून आला.

तांदूळ, डाळ, कांदे, साबण, केस कापणं, खाटेचं भाडं. दशरथ दिवेलागणीपर्यंत हिशोब करत बसला.

“अकराशे,” तो शेवटी म्हणाला. “थयले सव्वीसशे म्हणजे हयले अकराशे. माझ्यायेवढोच पगार.”

“तुमचो हिशोब तुमकाच लखलाभ.”

मग त्याला कोरा रकाना दिसला. सुरमईपुढे भाव नव्हता. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘माहीत नाही, बाबा. त्या बाजूला जात नाही.’

हे मात्र वनमालाला लगेच कळलं. माशाशिवाय ताटावर न बसणारा तिचा मुलगा!

“दोन वर्सां ह्येना मासो खाल्ल्यान नाय?” तिचा आवाज फुटला. “परत बोलवा तेका.”

दशरथने कागद उलटला. ‘कंपनी थांबेना. काल सही केली. सुगंधाचं लग्न होईपर्यंत काढतो.’

दशरथला फार थकल्यासारखं झालं. वीस वर्षांत त्याने कामात एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. आज त्याने खात्याचा एक नियम स्वतःच्या मनाने बनवला आणि पत्रात घातला:

‘चि. बाळास आशीर्वाद. सुरमईचा रकाना कोरा चालत नाही. आमच्याकडे नुसता विचारलेला भाव धरत नाहीत, विकत घेतलेल्या वस्तूचाच धरतात. तरी दर शुक्रवारी एक सुरमई घेऊन भाव न चुकता कळवावा.’

“कालवणाक लागतत त्या सोलांचो पण रकानो घाला,” वनमाला डोळे पुसत म्हणाली.