कमलबाईंच्या बोटाचा आधार

मी एक स्प्लिंट बोलतोय. दुखावलेलं बोट सरळ धरून ठेवणारी प्लास्टिकची टोपी म्हणजे मी. रंग चामडीसारखा, अंगाला बारीक भोकं, लांबी दोन पेरांएवढी. माझा आवाज लहान आहे, तेव्हा जरा जवळ या.

कारखान्यातून निघालो तो थेट इंदूरच्या एका छोट्या हाडांच्या दवाखान्यात आलो. तिथल्या खणात कंबरेचे पट्टे होते, गुडघ्याचे होते, घोट्याला आवळणारे होते. त्यांचा थाट मोठा. कुणी लंगडत आलं की आधी त्यांना बोलावणं. मी आपला कोपऱ्यात. बोटाच्या टोकासाठी कोण कशाला डॉक्टरकडे येईल, असं मला वाटायचं.

मग एक दिवस कमलबाई आल्या. सुदामा नगरात राहणाऱ्या, साठीच्या. त्यांच्या घराण्यात पूर्वी कुणी दरबारी शिपाई होते, तेव्हापासून त्या घरात पागडी बांधायची विद्या आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ती मुलाला शिकवून पाहिली. त्याला जमली नाही. सुनेला जमली. तेव्हापासून किती नवरदेवांच्या डोक्यावर कमलबाईंनी पागडी बांधली असेल! तयार पागडी नव्हे. लांब कापड घेऊन, डोक्यावरच, वेढ्यावर वेढा, पेचावर पेच देत. आणि आता त्यांच्या स्वतःच्या मुलाचं, यशवर्धनचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं.

अशात त्या गादीखाली चादर खोचायला गेल्या आणि उजव्या हाताची तर्जनी कापसाच्या जड गादीत अडकली. फार दुखलं नाही. पण बोटाचं टोक खाली वाकलं ते वाकलंच.

"तीन दिवस काय केलंत?" डॉक्टर अस्मितांनी विचारलं.

"हळद-चुना लावला. शेजारची बेबी म्हणाली, नस पे नस चढ़ गई, पहलवानकडून खिंचवा ले."

"आणि खेचून घेतलंत?"

"मी जाऊ नाही दिलं," बरोबर आलेले त्यांचे यजमान संताजी म्हणाले. "तो पहलवान माझी पाठ सरळ करणार होता. अजून तिरकी आहे."

डॉक्टर हसल्या. त्यांनी बोटाचा मधला सांधा धरला आणि म्हणाल्या, "आता फक्त टोक वर उचला." कमलबाईंनी ओठ दाबून जोर लावला. टोक हललं नाही. मग एक्स-रे झाला. हाड शाबूत होतं.

"बोटाच्या पाठीवरून एक दोरी जाते," डॉक्टर म्हणाल्या. "ती टोकाच्या हाडाला चिकटलेली असते. तुमची तिथून सुटली आहे. टोक सतत सरळ राहिलं तर ती आपोआप पुन्हा चिकटेल. सहा आठवडे तरी. पण मध्ये एकदाही वाकवायचं नाही. एकदा वाकलं की चिकटलेलं उचकटतं आणि मोजणी पहिल्यापासून."

"एकदाही नाही?"

"बरं झालं का ते बघायलासुद्धा नाही."

आणि त्यांनी खण उघडून मला उचललं.

त्या दिवसापासून मी कमलबाईंच्या बोटावर राहू लागलो. मधला सांधा मोकळा होता, तो त्या हलवत. टोक माझ्या ताब्यात. माणसं बोटाला किती कामं सांगतात ते मला तेव्हा कळलं. पोह्यांवर शेव भुरभुरायला बोट, भाजीवाल्याला दटावायला बोट, कढीचं मीठ बघायलाही बोट. कमलबाई दर वेळी ते पुढं करत आणि मला बघून मागं घेत.

आंघोळीनंतर माझी सफाई असे. कमलबाई तळहात टेबलावर सपाट ठेवत. संताजी बोटाचं टोक खालून धरून मला अलगद काढत, बोट कोरडं करत, मला पुसून पुन्हा चढवत. तेवढा वेळ दोघंही श्वास धरून. एकदा बेबी डोकावली आणि संताजींना इंदुरी थाटात भाऊ म्हणत म्हणाली, "वा भिया! लग्न मुलाचं की तुमचं?"

संताजींनी मान वर केली नाही. "पहिल्यांदा अंगठी घातली तेव्हा इतकी काळजी नव्हती," ते म्हणाले.

चौथ्या आठवड्यात घोटाळा झाला. संताजींचा भाचा विपुल स्वतःच्या साखरपुड्याला निघाला होता, तो कापड घेऊन दारात आला. "मामी, तुमच्याच हातची पाहिजे. बस दस मिनट का काम है."

आता या घरात आबांचा एक नियम होता. पागडी बांधताना कापड आणि बोट यांच्यात तिसरं काही नको. अंगठी नाही, घड्याळ नाही, काही नाही. कमलबाईंनी बांगड्या मागं सारल्या, अंगठी काढली आणि तसंच मलाही काढलं. संताजी बाजारात गेले होते. मी फडताळावरून पाहत राहिलो. काय बांधली हो ती पागडी! प्रत्येक पेच त्या उघड्या तर्जनीनं दाबून बसवलेला. विपुल आरशासमोरून हटेना.

संध्याकाळी बोटाचं टोक पुन्हा खाली आलं.

डॉक्टर अस्मिता रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आज पुन्हा पहिला दिवस, काकू."

म्हणजे लग्न सहा आठवड्यांच्या आत येत होतं. पहिली पत्रिका खजराण्याच्या गणपतीपुढं ठेवून झाली होती, तारीख हलणार नव्हती.  घरी आल्यावर कमलबाई म्हणाल्या, "राजवाड्याच्या बाजारातून तयार पागडी आणा. सगळ्या इंदूरला मी बांधली, माझ्या लेकाला दुकानातली."

 संताजींनी विचारलं, "आबांनी तो नियम का केला होता गं?"

"का म्हणजे? अंगठीत धागा अडकतो. ओढला की पेच सैल होतो."

"म्हणजे धागा अडकला नाही तर आबांची काही हरकत नाही."

ते उठले. लग्नाच्या पागडीच्या कापडाचं टोक त्यांनी कात्रीनं कापलं आणि ती लाल पट्टी माझ्यावर घट्ट गुंडाळून दोन टाके घातले. माझी भोकं झाकली, कडा मऊ झाल्या. "घे," ते म्हणाले. "आता कापड आणि बोट यांच्यात पागडीच आहे."

कमलबाई हसता हसता रडल्या.

पण सवयीचं बोट ताठ, मग दाबायचं कशानं? मधल्या बोटाला नव्यानं शिकवावं लागलं. रोज सकाळी संताजी बनियनवर खुर्चीत बसत आणि जुनं कापड त्यांच्या डोक्यावर चढे. आधी पागडी कानावर घसरे, मग डोळ्यांवर.

"हलू नका हो!"

"अगं, नाकात गेलंय."

हळूहळू मधलं बोट दाबू लागलं, आणि मी ताठ उभा राहून पेचाला आडोसा धरू लागलो. उपयोगाचा झालो, म्हणा ना!

लग्न राऊच्या एका मॅरेज गार्डनमध्ये होतं. बाहेर बॅंड तयार, वरातीतले घाई करणारे. यशवर्धन पाटावर बसला. तिसऱ्या पेचाला कापड निसटलं. कुणीतरी मागून म्हणालं, "गाडीत तयार पागडी ठेवली आहे, ले आऊँ क्या?"

"ठेव तुझ्याच डोक्यावर," कमलबाई म्हणाल्या. त्यांनी सगळं सोडलं आणि पुन्हा सुरुवात केली. पेचावर पेच चढत गेला. मी लाल, पागडी लाल. माझा शेवट कुठं आणि तिची सुरुवात कुठं, मलाही कळेना. शेवटचं टोक खोचून कमलबाईंनी हात मागं घेतले.

"आई, सरळ आहे ना?" यशवर्धननं विचारलं.

"तुझ्यापेक्षा सरळ आहे."

तो बॅंडसमोर मनसोक्त नाचला. मित्रांनी खांद्यावर घेऊन उडवला. पागडी जागची हलली नाही.

पुढं मुदत पुरी झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी मला काढलं, मधला सांधा धरला आणि म्हणाल्या, "टोक वर उचला."

कमलबाईंनी डोळे मिटले. टोक थरथरलं आणि वर आलं. सरळ! माझ्या मदतीशिवाय, एकट्याच्या बळावर.

"अरे वा, भिया वा!" संताजी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचे रुग्ण उठून उभे राहिले. कमलबाईंनी तीच तर्जनी त्यांच्यावर रोखली. "अहो, हळू! दवाखाना आहे हा."

केवढं सरळ होतं ते बोट! मी टेबलावर रिकामा पडलो होतो आणि माझ्याएवढा भरलेला त्या खोलीत कुणी नव्हता.

आता काही आठवडे मी फक्त झोपताना बोटावर असतो, तेही खबरदारी म्हणून. मग माझं काम संपेल. जाण्याआधी एक विनंती. बोटाचं टोक वाकलं आणि वर होईना, तर खेचू नका, चोळू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि त्यांनी माझ्यासारखा एखादा चढवला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. आम्ही लहान असतो, पण धरलेलं सोडत नाही. तुम्हीही सोडू नका.