रंभाबाईंचे नाव लिहिलेली पाटी

मित्रांनो, दिघोरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या वस्तीत शेळ्यांच्या गोठ्याला आडोसा म्हणून एक पत्रा उलटा ठोकला आहे. तो पत्रा म्हणजे मी. मी एक जुनी पाटी आहे.

देवाजी पेंटरने मला रंगवले. वर परदेशी संस्थेचे निळे चिन्ह, त्याखाली प्रकल्पाचे नाव. दूर देशातल्या त्या लोकांनी वस्तीला पाण्याचा पंप आणि धानाचे बियाणे दिले होते. पंप रंभाबाई लांजेवारांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात बसला. जागा त्यांनीच दिली होती. मी पंपाशेजारी उभी राहिले.

रंभाबाईंना माझे नवल वाटले नाही. "लग्नात पान्याचा पितळी गुंड दिला, तरी आपन देनाऱ्याचं नाव कोरतोच," त्या म्हणाल्या.

"मंग जागा देनारीचं काहून नाही?" शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या. बायांना ते पटले. त्यांनी देवाजीला पुन्हा बोलावले आणि माझ्यावर लाल अक्षरांत रंभाबाईंचे नाव घालून घेतले. प्रकल्पाची कार्यकर्ती गुंजन फोटो काढू लागली, तेव्हा पुष्पाबाई हसल्या, "रंभे, आता तू विदेशात चालली. लुगडं तरी बदल!"

त्या वर्षी पाऊस लांबला, पण पंपाच्या पाण्याने धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपे, हिरवेगार राहिले. येणारा-जाणारा मला वाचायचा. मला फार बरे वाटायचे.

मग एका दुपारी जंगलातून दोन अनोळखी माणसे आली. त्यांच्या खांद्यावर बंदुका होत्या. एकाने मला मोठ्याने वाचले. "विदेशी पैसा घेता? कोन हाय हे रंभाबाई?"

रंभाबाई तिथेच बांधावर गवत कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गावाले गेली."

"आली का सांगजो. आम्ही येतो परत."

दुसऱ्या दिवशी रंभाबाईंनी गुंजनला गाठले. "पोरी, माह्यं नाव पुस. जमलं तर पाटीच काढ."

गुंजनचा चेहरा उतरला. "मावशी, संस्थेचे पाहुणे येऊन राहिले. पाटी दिसली नाही तर प्रकल्पाचे साहेब म्हणतील, मदत पोचलीच नाही. पुढचं बियाणं बंद होईल. थोडे दिवस थांबा ना."

"मी थांबीन बाई. ते थांबतीन का?"

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आला असताना रंभाबाई घराला कुलूप लावून कारध्याला लेकीकडे निघून गेल्या.

पाहुणे आले. साहेबांनी सगळ्यांना माझ्यापुढे उभे राहायला सांगितले आणि विचारले, "रंभाबाई कुठे आहेत?"

पुष्पाबाई पुढे झाल्या. "तुमच्या पाटीवर नाव हाय म्हणून तिले तिच्याच बांधीत उभं राहता येत नाही. काढा फोटो. तिची जागा रिकामी ठेवली हाय आम्ही."

गुंजनने खाली वाकून एक दगड उचलला. पाहुण्यांसमोरच ती ते लाल नाव खरवडू लागली. साहेब "अहो, अहो" करत राहिले. मग तिने आणि पुष्पाबाईंनी मिळून मला उपटले.

पुढच्या वर्षी बियाणे आले नाही. गुंजनही आली नाही. रंभाबाईंच्या बांधीचा रोवणा बायांनी मिळून केला. रंभाबाई मात्र अजून परतल्या नाहीत. माझ्यावरचे नाव गेले, पण ते फोटो कुठे कुठे गेले असतील, ते कोण पुसणार?

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, नवा रंग द्या. मी तसे मागत नाही. मदत करा, भरपूर करा. पण कुणाच्या शेतात नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा, या वाटेने कोण कोण जाते. आणि मला पुन्हा रंगवू नका.