मावशींनी न धुतलेली नळी

सरांचं शेवाळ मी मारलं, हे आधीच सांगून टाकते. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी समुद्राच्या पाण्यातून एकच पेशी वेगळी काढली होती. आमच्या संवर्धन केंद्राच्या टाक्यांतली कालवांची पिल्लं तिच्याच सोनेरी वंशावर पोसत होती. काचसामान धुणाऱ्या मावशी शेवाळाच्या बाटल्यांना कधी साबण लावत नाहीत. त्यांची वाट बघायला मला कुठला धीर? मीच धुतल्या, चांगल्या फेस काढून. चार दिवसांत सगळं पांढरं पडलं.

उरली एक जुनी बाटली, पण तिच्यात शेवाळ खाणारे जंतू माजलेले. सर तीन आठवड्यांनी निवृत्त होणार होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "पुन्हा वेचू या," एवढंच म्हणाले. त्यांच्या हातात जिवंत नळी देऊनच त्यांना निरोप द्यायचा, असं मी ठरवलं.

सूक्ष्मदर्शकाखाली तापवून बारीक ओढलेल्या काचनळीने एक पेशी उचलायची, स्वच्छ थेंबात सोडायची, पुन्हा उचलायची. अशा सहा आंघोळी घालून मग तिला स्वतंत्र नळीत ठेवायचं. मान मोडून आली. चोवीस नळ्या भरल्या आणि लवकर वाढाव्यात म्हणून सगळ्यात प्रखर दिव्याखाली मांडल्या. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"ताई, ही एक बेसिनपाशी राहिलीय. धुवायची का?" मावशींनी विचारलं.

"नंतर!" मी खेकसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. "मावशी, डोकं नका ना खाऊ."

पंधरा दिवसांनी तेवीसच्या तेवीस नळ्या कोऱ्या. सर एकेक धरून बघत होते. "सुरुवातीला फार नाजूक असतं गं. एवढा उजेड सोसत नाही त्याला." मला रडूच फुटलं.

तेवढ्यात मावशी दारात. "आता दोघंही आहात, तर विचारूनच घेते. ही धुवायची का? तळाला डागही धरलाय."

बेसिनमागच्या खिडकीत, मंद उजेडात, ती नळी पंधरा दिवस उभी होती. तळाशी सोनेरी डाग. सरांनी त्यातला थेंब काचेवर घेतला आणि बराच वेळ डोळा लावून बसले. "स्वच्छ आहे," ते म्हणाले. "माझी पोर परत आली."

आमच्याकडे नव्या वाणाच्या नळीवर तो मिळवणाऱ्याचं नाव घालतात. सरांनी पेन माझ्या हातात दिलं. मी मावशींचं नाव लिहिलं.

"हे काय भलतंच! मी काय केलं? नुसती थांबले."

"तेवढंच मला जमत नाही, मावशी."