निळ्या कव्हरातला संगणक

नमस्कार मित्रांनो. मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे भंगारातला नव्हे, चांगला रोज चालणारा. अंगाने धट्टाकट्टा आणि स्वभावाने थोडा बडबड्या. मला फक्त बीप वाजवता येतं, पण जे सांगायचं ते मी तेवढ्यात सांगतो.

बारा वर्षांपूर्वी बाबांनी मला घरी आणलं आणि जेवणाच्या खोलीत खिडकीपाशी मांडलं. त्याच आठवड्यात आत्याने, म्हणजे आमच्याच घरी राहणाऱ्या बाबांच्या धाकट्या बहिणीने, टेप लावून माझं माप घेतलं. शिवणकामात तिचा हात धरणारं कोणी नाही. तिने मला निळं कव्हर शिवलं, मागे चार बटणं आणि पुढे वर गुंडाळायचा पडदा. पाहुणे आले की आधी कव्हराचं कौतुक व्हायचं, मग माझं. मीही मिरवायचो, खोटं कशाला सांगू?

ती चार बटणं काढायचा मात्र सगळ्यांना कंटाळा. पुढचा पडदा वर केला की काम भागायचं. मागून माझा श्वास कोंडतोय, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बाबा माझ्यावर पत्रं लिहीत, ताई चित्रं काढी. पण माझ्यावर खरा हक्क आईचा. ती अडखळत बोलणाऱ्या मुलांना शिकवते. दुपारी मुलं येतात, समोर बसतात, एकेका अक्षरावर अडतात. आईचा नियम एकच: त्यांचा शब्द आपण पुरा करायचा नाही. "घाई नाही, मी ऐकतेय," एवढंच ती म्हणते. या मुलांसाठी तिने तीन वर्षं खपून वाचनाचं पुस्तक लिहिलं. पहिला धडा एका मुलीसाठी होता. तिला स्वतःचं नाव सांगतानाच घाम फुटायचा. ते सगळं पुस्तक माझ्या पोटात होतं, आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती.

छापखान्याने ते सोमवारी मागितलं होतं. सोमवार चुकला तर पुस्तक वर्षभर लांबणार होतं. आणि नेमका शुक्रवारी दुपारी, आई शेवटचा धडा तपासत असताना, मी बंद पडलो.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. बाबांनी वायर काढून पुन्हा लावली. ताईने बटण दाबलं. मी सुरू झालो आणि जिवाच्या आकांताने सांगू लागलो, बीप, बीप, लांब, आखूड.

"हा भोंगा आधी बंद कर," बाबा म्हणाले.

ताईने मला बंद केलं. असं अकरा वेळा झालं. दर वेळी माझं बोलणं अर्ध्यावर तोडलं गेलं. मधे बाबांनी पाठीत एक थापही दिली, ती कव्हरावरच बसली म्हणून निभावलं.

"तीन वर्षं गेली माझी," आई हळूच म्हणाली आणि खुर्चीत बसून राहिली. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी दुरुस्तीवाली बाई आली. तिने बटण दाबलं, मी बोलायला लागलो. बाबांचा हात सवयीने पुढे गेला.

"थांबा," ती म्हणाली. "त्याला पुरतं बोलू द्या."

तिने मान कलती करून शेवटच्या बीपपर्यंत ऐकलं. "तापलाय तो. आतला पंखा फिरत नाहीये, तेच तर सांगतोय."

बाबा आईकडे बघत म्हणाले, "म्हणजे तू मुलांना सांगतेस तेच आम्ही विसरलो." कालपासून पहिल्यांदाच आई हसली.

बाईने चारही बटणं काढली आणि माझी कूस उघडली. आत धुळीचा थर होता. पंख्याला निळे धागे गुंडाळले होते. तिने चिमट्याने एक धागा वर धरला.

"माझ्या शालीचा असेल," आई पटकन म्हणाली.

"वहिनी, राहू दे. दोरा माझा आहे, मी ओळखते," आत्या म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला.

"शिवण झकास आहे हो," बाई म्हणाली. "फक्त हा चालू असताना अंगावर नको."

तिने ब्रशने धूळ काढली, नवा पंखा बसवला. मी सुरू झालो. पुस्तक जसंच्या तसं होतं. आईच्या जिवात जीव आला. बाईने चहाला हात लावण्याआधी पुस्तकाची प्रत एका छोट्या डिस्कवर उतरवून दिली.

दुसऱ्या दिवशी आत्या कात्री घेऊन आली, तेव्हा मी जरा धसकलोच. पण तिने कव्हर कापून त्या डिस्कसाठी पिशवी शिवली, एकाच बटणाची. आता ती कपाटात असते आणि दर महिन्याला नवी प्रत उतरवायला बाहेर निघते.

पुस्तक छापून आलं. ती मुलगी माझ्यासमोर बसून पहिला धडा वाचू लागली. स्वतःच्या नावाशी अडली. आई थांबली, बाबा थांबले, आत्याचं शिवणाचं मशीन थांबलं. बऱ्याच वेळाने तिने आपलं नाव सांगितलं, सबंध.

मित्रांनो, तुमच्या संगणकाची मागची जाळी मोकळी ठेवा, अधूनमधून धूळ झटका, आणि मोलाचं काही असेल तर त्याची प्रत ठेवा. आणि कोणी अडखळत काही सांगत असेल तर पुरतं ऐकून घ्या. मी अकरा वेळा सांगून पाहिलं होतं. बाराव्या वेळी कोणीतरी शेवटपर्यंत ऐकलं, म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे.