बंद करायची नाही अशी गाडी

गिरधर नानांच्या पिकअपचा एकच नियम होता. एकदा चालू झाली की घरी येईपर्यंत बंद करायची नाही. बंद केली आणि परत सेल्फ मारला, की ती नुसती ढेकर द्यायची. दोन बॅटऱ्या झाल्या, तीन मिस्त्री झाले. तिसऱ्यानं तर हातच जोडले, "नाना, हा बिघाड नाही, हा हिचा स्वभाव आहे."

त्यामुळे नानांनी बरंच काही स्टेअरिंगमागे बसूनच पाहिलं होतं. सख्ख्या भाच्याचं लग्नसुद्धा, मंडपाबाहेरून, घुरघुरत्या इंजिनात. त्यांच्या लेकीची, भूमिकाची, कबड्डी मात्र कधीच नाही. मैदानात पिकअप कोण घेऊ देतं?

पण आज भूमिका पहिल्यांदाच कॅप्टन होती. भुसावळला सामना, दहाला हजेरी, उशीर झाला तर टीम बाद. तिनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "नाना, या वेळी खाली उतरून बघायचं."

"बघतो ना पोरी," नाना म्हणाले होते. पण बघत होते पिकअपकडेच.

सकाळी फैजपूरला घरासमोर गाडी चालू उभी होती आणि बारा पोरी मागच्या हौद्यात चढल्या होत्या. तेवढ्यात भूमिकाची आई, सुमनबाई, नारळाचं ताट घेऊन आली.

"अहो, आधी बंद करा ते. चालू गाडीला कोणी कुंकू लावतं का?"

"अगं, ही बंद झाली ना तर..."

"देवाचं काम आहे!"

नाना पिकअपला घाबरायचे, पण सुमनबाईला जास्त. किल्ली फिरली. नारळ फुटला, सगळ्यांना खोबरं मिळालं. किल्ली पुन्हा फिरली.

ढेकर.

"उतरा बठ्ठ्या, सगळ्या जणी!" भूमिका ओरडली. "लावा जोर!"

"कॅप्टन, हा वॉर्मअप की सामनाच?" वृषालीनं धापा टाकत विचारलं.

"बोलू नको, दम धर!"

कोपऱ्यावरच्या उताराला गाडी भडभडून सुरू झाली. आणि नाना थांबेनात! थांबले आणि परत बंद पडली तर? पोरी मागे पळत पळत एकेक करून हौद्यात उड्या मारत होत्या. शेवटच्या मयुरीला दोघींनी दंडाला धरून वर ओढलं. तिची एक चप्पल फैजपुरातच राहिली.

दहाला चार मिनिटं असताना हजेरी लागली. भूमिका वळून बघते तो काय, नाना गेटबाहेर, पाय ॲक्सिलरेटरवर.

"तू खेळ. मी इथून ऐकतो," ते म्हणाले. "बंद केली तर घरी कसं जायचं?"

भूमिकानं खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवली आणि काढून सरळ नानांच्या खिशात टाकली. इंजिन गप्प झालं.

"पोरी, काय केलं हे!"

"बारा जणी आहोत. समोरच्याही बारा. जिंकलेल्या खुशीत ढकलतील, हरलेल्या रागात. उतरा!"

पहिल्याच चढाईत भूमिका दोन गडी मारून परतली. दोरीपाशी कोणीतरी एवढं बोंबललं की पंच खेकसले, "ओ काका, मागे व्हा!"

"काका कोणाला म्हणतो? बाप आहे तिचा!"